सेलिंगच्या पाच दिवसांच्या कोर्सला आमची आठ पोरं नेली होती, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मला सेलिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मुलांच्या एका निवासी केंद्रात काम करते. आमच्याकडे येणारी पोरं म्हणजे आईवडील नसलेली, किंवा असून नसल्यासारखी, कोर्टाच्या ऑर्डरने आलेली, शाळा मधेच सुटलेली. अशा मुलांसाठी शिडाच्या होड्या चालवायचा कोर्स फुकट घेणारी एक संस्था आहे असं कळलं आणि मी आठ जणांना घेऊन गेले, पाच मुलगे तीन मुली, वयं अकरा ते सोळा, त्यातल्या चौघांनाच पोहता येत होतं. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि तसंही असे कोर्स घेणारे बरेच असतात, तर आपली पोरं न्यायच्या आधी नक्की काय बघायचं ते कळावं म्हणून हे लांबलचक लिहितेय. घाई असेल तर: पाचपैकी साडेतीन. शिकवण्याला पाच, बाकीच्या भानगडींना दोन, सरासरी तुम्हीच काढा.

खरं म्हणजे मी वैतागूनच गेले होते. आत्मविश्वास या शब्दाची मला ॲलर्जी झालीय. वर्षातून तीनदा कोणीतरी माइक घेऊन येतं, पोरांना उभं करून "मी करू शकतो" असं ओरडायला लावतं, पोरं ओरडतात पण, त्यांना ओरडायला काय जातंय, आणि तो माणूस गेटच्या बाहेर पडायच्या आत सगळं जिथल्या तिथे. मला वाटलं हे पण तसलंच, फक्त पाण्यावर.

पहिल्या दिवशी भाषण नाहीच. ट्रेनर बाईंनी दोन वाक्यांत स्वतःचं नाव आणि पाण्याचे नियम सांगितले आणि थेट जॅकेटं वाटायला लागल्या. ही फुगीर लाइफ जॅकेटं नसतात, ५० न्यूटनवाली बॉयन्सी एड असते, तरंगत ठेवते पण हातपाय हलवता येतात. प्रत्येकाला जॅकेट घातलं की त्या दोन्ही खांद्यांना धरून ते वर ओढून बघायच्या, कानापर्यंत सरकलं की साइज बदल. आठही जणांचं असं बघितलं, मग माझं पण. ज्यांना पोहता येत नाही त्यांना वेगळं काढलं नाही, सगळ्यांनाच जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरवलं, मग थोडं खोल, पाठीवर तरंगा, परत या. बस. त्या दहा मिनिटांत त्यांना कोण घाबरतंय आणि कोण घाबरत नाही असं दाखवतंय ते बरोबर कळलं, आणि त्या हिशोबाने त्यांनी जोड्या लावल्या. चार पोरांमागे एक ट्रेनर आणि वर एक सेफ्टी बोट, तिच्यावर कायम एक जण, इंजिनाची किल कॉर्ड मांडीला अडकवलेली, म्हणजे चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद. हे तुम्ही कुठेही जाल तिथे आधी बघा. कॉर्ड नुसती लोंबकळत असेल तर पोरं घेऊन परत या.

आता बोटीबद्दल. लहान मुलांना ऑप्टिमिस्ट नावाची बोट देतात, पुढून चपटी, दिसायला आंघोळीच्या टबसारखी, आमची पोरं बघून हसलीच. पण ही भारी गोष्ट आहे. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लियरवॉटर गावात क्लार्क मिल्स नावाच्या बोट बनवणाऱ्याने ही डिझाइन केली, अट अशी होती की स्वस्त पाहिजे आणि प्लायवूडच्या साध्या शिटांमधून घरी बनवता आली पाहिजे, आणि प्लायवूडचं शीट ८ फुटांचं येतं म्हणून बोट ८ फुटांच्या आत. आजही लांबी साधारण २.३ मीटर आणि नुसत्या बोटीचं वजन ३५ किलो, दोन पोरं उचलून पाण्यात नेतात. आता फायबरच्या येतात. एकच शीड, एकच दोर, एक सुकाणू, आणि मधोमध एक फळी खाली पाण्यात घातलेली, तिला डॅगरबोर्ड म्हणतात, ती नसेल तर वाऱ्याने बोट आडवी सरकत जाते. स्पर्धांमध्ये १५ वर्षांपर्यंतच ही बोट चालवता येते. आमच्या दोन थोराड पोरांना त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं असतं, म्हणून त्यांना लेझर दिली, हल्ली तिला इल्का म्हणतात, लहान शिडाची.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की बोटीत ट्रेनर बसत नाही. एका पोराला एक बोट, पहिल्या दिवशी दुपारीच. मला वाटलं होतं शेजारी कोणीतरी बसून हात धरून शिकवेल. विचारलं तर बाई म्हणाल्या, मी बसले की तो माझ्या तोंडाकडे बघणार, शिडाकडे बघणार नाही. आमच्या पोरांच्या बाबतीत हे इतकं खरं आहे की मी गप्पच बसले. मोठ्यांच्या तोंडाकडे बघून मूड ओळखायचा आणि त्याप्रमाणे वागायचं हे त्यांना चौथ्या-पाचव्या वर्षापासून पाठ असतं, त्याच्यावरच जगलीत ती. इथे ते चालेना. शीड फडफडायला लागलं की फडफडणार, तुम्ही हसा की रडा.

आणि सगळं उलटं! टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाताच येत नाही, दोन्ही बाजूंचा मिळून साधारण ९० अंशांचा पट्टा बंद, त्यामुळे समोर जायचं तर नागमोडी जायचं, थोडं उजवीकडे, मग वळून थोडं डावीकडे. अर्ध्या वळणात वेग कमी पडला तर बोट वाऱ्याकडे तोंड करून ठप्प. आमची एक मुलगी पहिल्या दिवशी अशी पंधरा मिनिटं एकाच जागी उभी होती आणि शिव्या घालत होती, कोणाला ते माहीत नाही, बहुतेक वाऱ्याला. शेवटी तिने चिडून बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, हाताने बाजूला ढकलला, बोट मागे सरकली, तोंड वळलं, शीड भरलं, आणि ती निघाली. नंतर ट्रेनर म्हणाल्या की करायचं असतं ते हेच, फक्त शिव्या ऐच्छिक.

आता तो प्रसंग ज्यासाठी मी खरं हे लिहायला बसले. आमचा एक उंच पोरगा आहे, पंधराचा, हात कायम मुठीत. नावगाव काही सांगत नाही पण त्याच्या फाइलमध्ये मारामारीच्या नोंदी चिक्कार. दुसऱ्या दिवशी वारा जरा वाढला आणि हा चार वेळा उलटला, चारही वेळा एकाच पद्धतीने. झुळूक आली, बोट कलली, याने घाबरून हातातला दोर गच्च आवळला, बोट आणखी कलली, याने आणखी आवळला, धप्प. त्याचं कारण साधं आहे, त्या दोराला मेनशीट म्हणतात आणि त्याने शीड आत ओढलं जातं, जितकं आत ओढाल तितका वारा शिडात भरून राहतो आणि बोट कलते. सोडलं की शीड बाहेर जातं, वारा सांडतो, बोट सरळ. म्हणजे भीती वाटली की जे हात आपोआप करतात त्याच्या बरोबर विरुद्ध करायचं. सेफ्टी बोट त्याच्यापासून दहा मीटरवर उभी, ट्रेनर दादा नुसते म्हणतात, "दोर सोड." ओरडून नाही, आपण जेवायला बोलावतो तसं. पाचव्या वेळी बोट कलली, मी काठावरून बघत होते, त्याची मूठ दिसत होती मला, पांढरी पडलेली, आणि मग ती उघडली. दोर सरसर गेला, शीड फडाफडा वाजलं आणि बोट उभी राहिली. त्याने आधी शिडाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. दादांनी टाळ्याबिळ्या काही वाजवल्या नाहीत, म्हणाले, "आता थोडा परत ओढ, नाहीतर इथेच राहशील." मला हे फार म्हणजे फारच आवडलं. आमच्या माइकवाल्याने तिथे पाच मिनिटांचं भाषण ठोकलं असतं.

उलटणं हा तर वेगळा तास होता, मुद्दाम उलटवायचं. ऑप्टिमिस्टमध्ये हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात म्हणून ती बुडत नाही, पण सरळ केली की काठोकाठ पाण्याने भरलेली असते. म्हणजे आधी डॅगरबोर्डवर उभं राहून बोट सरळ करा, मग आत चढा, मग बेलरने पाणी उपसा. बेलर म्हणजे प्लॅस्टिकचा कॅन कापून बनवलेला डबा, दोरीने बोटीला बांधलेला. आमची सगळ्यात लहान, अकराची, तिचा जीव केवढासा, ती एकटी त्या भरलेल्या बोटीत बसून डबा डबा पाणी बाहेर टाकत होती, दहा मिनिटं झाली तरी संपेना. मी काठावरून ओरडले की अहो तिला मदत करा ना कोणीतरी. तर बाई मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसा. ती थकली तर हात वर करेल, तिला सांगून ठेवलंय." तिने हात वर केला नाही. राग आला होता मला तेव्हा, खोटं कशाला बोला, आणि दुसरं कोणी असतं तर मी तिथेच भांडले असते. पण सेफ्टी बोटीतल्या माणसाची नजर तिच्यावरून एक सेकंद हलली नव्हती हे मी बघत होते, त्यामुळे तोंड बंद ठेवलं. लक्ष नसणं आणि मुद्दाम हात न लावणं यात फरक असतो, आणि तो फरक ज्या संस्थेला कळत नाही तिथे हे सगळं धोकादायकच होईल.

चौथ्या दिवशी वारा जोरात होता, जिकडेतिकडे लाटांना पांढरे शेंडे, वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापात चार नंबर म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. पोरं कपडे बदलून तयार आणि बाईंनी पाण्यात जायचं कॅन्सल केलं. पोरांनी तोंडं पाडली, पण मी मनात एक स्टार वाढवला. त्या दिवशी गाठी शिकवल्या, बोलाइन आणि आठाच्या आकड्याची गाठ, आणि दुपारी वर्कशॉप.

वर्कशॉपबद्दल थोडं जास्त लिहिते कारण याची जाहिरात कोणी करत नाही. आमचा एक मुलगा पहिल्या दिवशीच म्हणाला मी बोटीत बसणार नाही. कारण आम्हाला माहीत आहे, पाण्याशी त्याचं जुनं काही आहे. तिथल्या कोणी त्याला भित्रा म्हटलं नाही, एकदा जाऊन तर बघ असा आग्रह पण नाही, विचारलं की मग हाताने काय करायला आवडतं. पाचही दिवस तो शेडमध्ये बोटी दुरुस्त करणाऱ्या काकांबरोबर होता. फायबरला पडलेला खड्डा घासून साफ करायचा, रेझिनमध्ये हार्डनर मोजून टाकायचा, जास्त झाला तर भांड्यातच गरम होऊन घट्ट होतो, कमी पडला तर चिकट राहतो, मग जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत थर, मग पाण्याचा पॉलिश पेपर आधी ४०० नंबर मग ६०० मग आणखी बारीक. शेवटच्या दिवशी त्याने दुरुस्त केलेली बोट त्या अकराच्या पोरीने पाण्यात नेली आणि हा गुडघाभर पाण्यात उभा राहून त्या पॅचकडे वाकून वाकून बघत होता की पाणी आत येतंय का. गुडघाभर पाण्यात! त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, मी काही बोलले नाही.

रोज संध्याकाळी अर्धा तास गोल करून बसायचं आणि आज काय फसलं ते सांगायचं. काय जमलं ते नाही, काय फसलं. सुरुवात ट्रेनर करायचे. दादांनी सांगितलं की आज माझ्या सेफ्टी बोटीच्या पंख्यात दोर अडकला कारण मी मागे बघितलंच नाही. आमच्या पोरांनी मोठ्या माणसाला चूक कबूल करताना फार कमी वेळा ऐकलंय, पहिल्या दिवशी एकमेकांकडे बघत होती की यात काही डाव आहे का. तिसऱ्या दिवसापासून नंबर लावायला लागली.

या सगळ्यामागे जुनी परंपरा आहे हे मला नंतर वाचल्यावर कळलं. कुर्ट हान हा नाझी जर्मनीतून बाहेर पडलेला शिक्षक आणि लॉरेन्स होल्ट हा जहाज कंपनीचा मालक, दोघांनी १९४१ साली वेल्समधल्या ॲबरडोव्हीला आउटवर्ड बाउंड नावाची शाळा सुरू केली, समुद्रावर आणि डोंगरात पोरांना तयार करणारी. होल्टचं म्हणणं होतं की टॉर्पेडोने जहाज बुडालं की लाइफबोटीत तरणीताठी पोरं आधी हातपाय गाळतात आणि वय झालेले खलाशी तगून राहतात, म्हणजे कमी पडते ती ताकद नव्हे. आणि ट्रेसी एडवर्ड्सची गोष्ट बाईंनी पोरांना सांगितली ती तर तुफान हिट झाली. शाळेतून काढून टाकलेली मुलगी, बोटींवर स्वयंपाक करत करत शिकली, आणि १९८९-९० च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत फक्त बायकांचा पहिला क्रू घेऊन उतरली, आपल्या गटात दोन टप्पे जिंकली. आमच्या शिव्या देणाऱ्या मुलीचा एकच प्रश्न, "म्हणजे तिला शाळेतून नक्की कशासाठी काढलं?"

आता तक्रारी.

पहिली, फॉर्म. काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, वडिलांचं नाव काय, सही कुठाय. आठ पोरं रांगेत उभी. मुद्दाम अशा मुलांसाठी चालवता ना कोर्स, मग फॉर्ममध्ये पालक किंवा केंद्रप्रमुख एवढं लिहायला काय होतं? मी आधी फोनवर सगळं सांगितलं होतं तरी. त्या उंच पोराची मूठ मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली त्या दिवशी.

दुसरी, मुलींची सोय. कपडे बदलायला एकच खोली, कडी नीट लागत नाही, पाळीच्या दिवसात काय करायचं याबद्दल कोणी आपणहून एक शब्द बोललं नाही. एक मुलगी तिसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून काठावर बसून राहिली, मी विचारलं तेव्हा कळलं. ट्रेनर बाई असूनही ही गत, कारण नियोजन करणारे बहुतेक पुरुषच असावेत. पहिल्याच दिवशी मुलींना बाजूला घेऊन पाच मिनिटं बोललं असतं तर तिचा दिवस वाया गेला नसता.

तिसरी म्हणजे शेवटचा दिवस, आणि याच्यावर मी खरंच चिडलेय. देणगीदार आले, बॅनर लागला, पोरांना ओल्या कपड्यात उभं करून फोटो. एका साहेबांनी भाषणात "या बिचाऱ्या मुलांना" असं तीन वेळा म्हटलं, मी मोजलं. जो पोरगा तासाभरापूर्वी पाण्यात खुणेसाठी सोडलेल्या तिन्ही बोयांना वळसा मारून आला होता, एकदाही न उलटता, तो भाषण चालू असताना शेडच्या मागे जाऊन बसला. सर्टिफिकेट घ्यायला नाव पुकारलं तरी आला नाही. चार दिवस ट्रेनर लोकांनी जे जपलं होतं ते या माणसांनी पंधरा मिनिटांत मातीत घातलं. ट्रेनर दादांचा चेहरा पण पडला होता, तेच नंतर सर्टिफिकेट घेऊन शेडमागे गेले आणि बराच वेळ तिथे बसले. फोटो काढायचेच असतील तर आधी विचारा, पोरांना पण विचारा, आणि कृपा करून बिचारे म्हणू नका हो.

चौथी तक्रार सगळ्यात मोठी आणि ती जवळजवळ सगळ्याच ठिकाणची असणार. पाच दिवस झाले, पुढे काय? नीट चालवलेल्या ठिकाणी शिडी असते, शिकणारा, मग नव्या मुलांचा मदतनीस, मग असिस्टंट ट्रेनर, मग पगारी ट्रेनर किंवा सेफ्टी बोट चालवणारा, शिवाय बोट दुरुस्ती आणि शिडं शिवणं ही पण कामंच आहेत. त्या शेडमधल्या पोराला महिन्यातून दोन शनिवार तरी काकांकडे येऊ द्या असं मी विचारलं, तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा "बघू" असं उत्तर आलं. पाच दिवस चव दाखवायची आणि दार लावून घ्यायचं, हे आमच्या पोरांच्या बाबतीत आधीच खूप लोकांनी केलेलं असतं.

फरक पडला का असं लोक विचारतात. चमत्कार वगैरे नाही झालेला. परत आल्यावर आठवड्याभरात दोन भांडणं झाली, एक खिडकी फुटली. शाळेतले मार्क आहेत तिथेच आहेत. पण एक गंमत झालीय, कोणी कोणाच्या अंगावर जायला लागलं की बाकीची ओरडतात, "ए दोर सोड, दोर सोड!" निम्म्या वेळा तरी त्याने हसू येऊन भांडण मिटतं, उरलेल्या निम्म्या वेळा मला मधे पडावं लागतं. आणि संध्याकाळचं ते काय फसलं सांगायचं आम्ही केंद्रात चालू ठेवलंय, सुरुवात मलाच करावी लागते, अवघड जातं हो.

तर मी पुन्हा नेईन का? नेईन, फक्त शेवटच्या दिवशी दुपारीच निघून येईन. तुम्ही नेणार असाल तर फॉर्म आठवडाभर आधी मागवून घ्या आणि भरूनच न्या, प्रत्येकी कोरड्या कपड्यांचे दोन जोड, बंद पायाचे जुने बूट कारण तळाला दगड असतात, मुलींशी आधीच बोलून ठेवा, फोटोचं लेखी ठरवा, आणि चष्मा लावणाऱ्या पोरांच्या चष्म्याला मागून दोरी बांधा. आमचा एक चष्मा अजून तिथे तळ्याच्या बुडाशी आहे.